४८ व्होल्ट डीसी की ऑनलाइन यूपीएस? देवगडच्या छोट्या सर्व्हर रूमसाठी सल्ला हवा

जामसंडे_फायबर

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात माझी फायबर इंटरनेटची छोटी सेवा आहे. साधारण अकराशे जोडण्या. जामसंड्यात पहिल्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली आहे आणि समुद्र तिथून सरळ रेषेत दोन किलोमीटरवर. खोलीत दोन ओएलटी (ग्राहकांच्या फायबर जोडण्या जिथून निघतात ती मुख्य यंत्रं), तीन स्विच, दोन राउटर, दोन सर्व्हर, एक कॅशे बॉक्स (लोक वारंवार बघतात तो मजकूर साठवून ठेवणारा) आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. सगळ्यांचा मिळून लोड ३.२ किलोवॅट. ५ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आहे, त्याला १२ व्होल्टच्या १६ बॅटऱ्या.

यंदा मिरग लागून चारच दिवस झाले होते. रात्री पावणेदोनला लाईट गेली, यूपीएस एकदा किंचाळला आणि सगळं बंद. मी छत्री घेऊन धावलो. बॅटऱ्यांवर मीटर लावला तर २०५ व्होल्ट, म्हणजे भरलेल्या. इन्व्हर्टरचं कार्ड जळलं होतं. दोन तास पुरेल एवढी वीज खोलीत पडून होती आणि त्यातला एक वॅटसुद्धा ओएलटीपर्यंत पोचत नव्हता. लाईट आली पावणेअकराला, तेव्हा बायपासवर, म्हणजे इन्व्हर्टर वगळून थेट लाईटवर टाकून सुरू केलं. नऊ तास. कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी घाट उतरून आला. सकाळी सात वाजता एक ताई दारात उभ्या होत्या, त्यांच्या मुलीच्या प्रवेश अर्जाची शेवटची तारीख होती. त्यांना काय सांगायचं मला सुचलं नाही.

त्यानंतर मी मोजमाप केलं. यूपीएसच्या आत जाताना ३.७५ किलोवॅट, बाहेर पडताना ३.२. म्हणजे ५५० वॅट सतत उष्णता होऊन जातात आणि ती उष्णता काढायला एअर कंडिशनर वेगळा चालतो. वर्षाला जवळपास ४,८०० युनिट. आमच्या बिलात सगळं धरून युनिट १२ रुपयांच्या आसपास पडतं.

ओएलटीच्या मागे एसीच्या (घरात येते त्या, दिशा बदलत वाहणाऱ्या विजेच्या) सॉकेटबरोबर ‘−४८ व्होल्ट’ असं लिहिलेलं दुसरं, डीसीचं (बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं) सॉकेट आहे, ते आजवर कधी वापरलं नाही. मोठी डेटा सेंटरं आता डीसीकडे जात आहेत असं वाचतो. माझ्यासारख्याने जावं का? आमचे वायरमन म्हणतात डीसी लांब जात नाही आणि ती जुनी गोष्ट झाली. कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.

कुडाळ_सोलर

मी छतावरची सौर संयंत्रं बसवतो. माझ्या मते ४८ व्होल्टच्या भानगडीत पडू नका, करंट फार होतो. सर्व्हरच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या पॉवर सप्लायमध्ये) एसी आत शिरल्याशिरल्या डीसीच होतो, मग त्याला बाहेरूनच डीसी दिला तर काय बिघडलं? चीनमध्ये टेलिकॉमवाल्यांनी २४० व्होल्ट डीसी याच कारणासाठी निवडला, जुनी उपकरणं बहुतेक तशीच चालतात. तुमच्याकडे १६ बॅटऱ्यांची मालिका तयारच आहे. अजून दोन-चार जोडल्या की झालं.

जुना_पॉवरप्लांट

१९८४ ते २०१९ मी दूरध्वनी केंद्रांच्या पॉवर प्लांटवर काम केलं. गुहागर, दापोली आणि शेवटची अकरा वर्षं रत्नागिरी. त्या अनुभवावरून लिहितो.

जामसंडेकर, तुमच्या मजकुरातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. बॅटऱ्या भरलेल्या आणि खोली बंद. आमच्या केंद्रात हे होऊच शकत नव्हतं. आम्ही फार हुशार होतो म्हणून नव्हे, तर तिथे बॅटरी आणि लोड यांच्यामध्ये काही नव्हतंच. तांब्याच्या दोन पट्ट्या असतात, त्यांना आम्ही बसबार म्हणतो. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारं यंत्र) त्याच पट्ट्यांवर, बॅटरी त्याच पट्ट्यांवर, एक्सचेंजही त्याच पट्ट्यांवर. २ व्होल्टचे २४ सेल, प्रत्येकाला फ्लोटवर (बॅटरी भरलेलीच ठेवणाऱ्या चार्जिंगवर) २.२५ व्होल्ट, म्हणून पट्टीवर ५४. लाईट गेली की रेक्टिफायर गप्प होतो, एवढंच. बॅटरीला ‘सुरू’ व्हावं लागत नाही, ती आधीपासून तिथे उभीच असते. ५४ चे ५० होतात आणि मग हळूहळू उतरत जातात. मध्ये एखादा रिले पडायला हवा, एखादं कार्ड जागं व्हायला हवं, असं काही नाही.

ऑनलाइन यूपीएसमध्येही बॅटरी आत डीसी बाजूलाच जोडलेली असते. फरक असा, की तिच्यापुढे इन्व्हर्टर बसलेला असतो आणि चोवीस तास प्रत्येक वॅट त्याच्यातून जातो. तो मेला की बॅटरी असून नसल्यासारखी. मग तुमच्या ओएलटीत तोच एसी परत डीसी होतो. डीसीचा एसी, एसीचा डीसी, हा फेरा कशासाठी? ५५० वॅट त्या फेऱ्यात जातात. पण मला त्या वॅटांपेक्षा ते नऊ तास जास्त लागले.

घरी लाईट नसतानाही जुना टेलिफोन चालायचा, आठवतं का? ते आमचेच ४८ व्होल्ट. केंद्रातल्या बॅटरीतून निघून खाडीकाठच्या खांबांवरून, केबलमधून तुमच्या पडवीत पोचायचे. आणि वायरमनना हेही सांगा, की त्याच जोडीवर घंटी वाजवायला मात्र आम्ही एसी पाठवायचो. एकाच तारेवर दोघं नांदत होते. जुना-नवा असा हा वाद नाही, ज्याचं त्याचं काम वेगळं.

आता कुडाळच्या सूचनेबद्दल. कृपा करून हे करू नका. चीनमध्ये २४० व्होल्ट चालतो हे खरं, पण तिथे त्यासाठी बनवलेले ब्रेकर, फ्यूज, प्लग सगळं असतं. तुमच्या सर्व्हरच्या एसएमपीएसमधला फ्यूज आणि मागचं बटण एसीसाठी बनवलेलं आहे. आपला एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. संपर्क सुटताना ठिणगी ओढली गेली तरी पुढच्या शून्याला ती विझते. डीसीला शून्य नाही. ठिणगी ताणत जाते, वितळवत जाते आणि प्लास्टिक पेटेपर्यंत थांबत नाही. डीसीच्या ब्रेकरमध्ये ती ढकलून, ताणून, तुकडे करून विझवायला चुंबक आणि पत्र्यांची जाळी असते. काहींना प्लस-मायनसची बाजूही ठरलेली असते, उलट जोडला तर चुंबक ठिणगीला आत ओढतो. बाजारातला साधा एसी एमसीबी २४० व्होल्ट डीसीवर लावणं म्हणजे आगीला जागा करून देणं.

४८ वर हे भय बरंच कमी होतं. फ्लोटला ५४ धरले तरी ६० च्या खाली राहतो, कोरड्या हाताला झटका देत नाही. म्हणून तो निर्धोक मात्र समजू नका. दापोलीत माझ्या डोळ्यांसमोर एका सहकाऱ्याच्या हातातला पान्हा दोन टर्मिनलांवर आडवा पडला. पान्ह्याचा मधला भाग मेणासारखा वितळला. त्याच्या मनगटावर स्टीलचा पट्टा होता, तो पट्टा गरम होऊन उमटलेली खूण शेवटपर्यंत राहिली. व्होल्ट कमी असले तरी बॅटरी शॉर्टमध्ये हजारो अँपिअर देते. तेव्हापासून मी बॅटरी रूममध्ये शिरताना घड्याळ आणि अंगठी बाहेर काढून ठेवली आणि पान्ह्यांना मुठीपासून टोकापर्यंत टेप गुंडाळली. हे तुम्ही पहिल्या दिवसापासून करा.

ऐरोली_शिफ्ट

मूळ चिपळूणचा, सध्या ऐरोलीत एका डेटा सेंटरमध्ये इलेक्ट्रिकल शिफ्ट बघतो. काकांनी मुळावरच बोट ठेवलंय. मोठ्या ठिकाणी काय चाललंय ते सांगतो, म्हणजे कोणती बातमी तुमच्या उपयोगाची आणि कोणती नाही ते कळेल.

आमच्याकडे उच्च दाबाची वीज येते, ट्रान्सफॉर्मरने ४१५ व्होल्ट थ्री फेज होते, यूपीएसमध्ये डीसी होऊन परत एसी, मग बसडक्टने (बंद खोक्यातल्या जाड पट्ट्यांनी) रॅकपर्यंत, म्हणजे सर्व्हरच्या कपाटापर्यंत. सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये पुन्हा साधारण ४०० व्होल्ट डीसी, त्यातून १२ किंवा ४८ आणि शेवटी प्रोसेसरला एक व्होल्टच्या आसपास. मधले दोन बदल गाळायचे, ही डीसीवाल्यांची मूळ कल्पना.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या न्यूअर्कला, सन मायक्रोसिस्टिम्सच्या जागेत ३८० व्होल्ट डीसीवर सर्व्हर चालवून दाखवले. तेव्हाच्या सर्वसाधारण एसी व्यवस्थेपेक्षा २८ टक्के बचत, असा आकडा त्यातून गाजला. पण त्याच कामात उत्तम एसी व्यवस्थेशी तुलना केली तेव्हा फरक सुमारे ७ टक्के होता. २८ वाला आकडा सगळे सांगतात, ७ वाला कोणी सांगत नाही. आणि त्यानंतर यूपीएस सुधारले. चांगला नवा मोठा यूपीएस योग्य लोडवर ९६ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून २०१२ मध्ये स्वित्झर्लंडला एबीबीने १ मेगावॅटचा डीसी भाग उभा केला, जपान-चीनमध्ये टेलिकॉमवाल्यांनी केलं, तरी बाकी जग एसीवर राहिलं. ब्रेकर एसीचे, माणसं एसीची, सुटे भाग एसीचे. दोन-तीन टक्क्यांसाठी एवढं सगळं कोण बदलणार?

आता वारं फिरलंय ते वेगळ्या कारणाने. एआयचे रॅक. पूर्वी रॅक ५ ते १० किलोवॅटचा असायचा, आता एकेक रॅक १२० किलोवॅटचा, पाण्याने थंड केलेला. रॅकच्या आत ५४ व्होल्टची पट्टी आहे, ती तुमच्या काकांचीच नात म्हणा. गूगलने २०१६ मध्ये ४८ व्होल्टचा रॅक ओपन कॉम्प्युटमध्ये (डेटा सेंटरच्या रचना सगळ्यांना खुल्या करणाऱ्या कंपन्यांच्या प्रकल्पात) मांडला. पण १ मेगावॅटचा रॅक करायचा म्हटलं तर ५४ व्होल्टला साडेअठरा हजार अँपिअर लागतात. एवढं तांबं मावणार कुठे? ८०० व्होल्टला तेच काम साडेबाराशे अँपिअरमध्ये होतं. म्हणून मे २०२५ मध्ये एनव्हिडियाने ८०० व्होल्ट डीसीची व्यवस्था जाहीर केली, २०२७ पासूनच्या रॅकसाठी. ही तांब्याची आणि जागेची अडचण आहे. तुमच्या ३ किलोवॅटला ती अडचण नाहीच, तेव्हा ८०० च्या बातम्या वाचा आणि सोडून द्या.

‘डीसी लांब जात नाही’ याबद्दल वायरमनना सांगा, की चंद्रपूरहून पडघ्याला येणारी ५०० किलोव्होल्टची लाईन डीसी आहे, साडेसातशे किलोमीटरची, १,५०० मेगावॅटची. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला ११० व्होल्ट डीसी दिला, तो मैलभरात दमायचा, कारण डीसीचा व्होल्टेज चढवायचं साधन तेव्हा नव्हतं. एसीला ट्रान्सफॉर्मर होता, म्हणून एसी जिंकला. मुंबईची लोकल १९२५ पासून १,५०० व्होल्ट डीसीवर धावली आणि नंतर २५ हजार व्होल्ट एसीवर आणली गेली. आपली कोकण रेल्वे विजेवर आली ती थेट २५ हजारावरच. कमी व्होल्टला करंट जास्त, करंट जास्त म्हणजे तारेत नुकसान जास्त. दोन्ही पक्षांना हाच एक नियम लागू आहे.

जामसंडे_फायबर

काका, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, चांगल्या अर्थाने. मी चौतीस वर्षांचा आहे, मला अरे-तुरेच करा.

काही शंका. १) माझ्या सर्व्हरांना ४८ व्होल्टचा पॉवर सप्लाय मिळतो असं विक्रेता म्हणतो, पण कॅशे बॉक्स आणि रेकॉर्डर फक्त एसीवर चालतात, त्यांचं काय करू? २) प्लस अर्थ करायचा म्हणतात ते खरं का? गाडीत तर मायनस बॉडीला असतो. ३) खारा वारा. आमच्याकडे लोखंडी खिडकी तीन वर्षांत जाते. ४) केबल किती जाड घेऊ?

जुना_पॉवरप्लांट

बरं, मग अरे-तुरे करतो.

आधी तुझा दुसरा आणि तिसरा प्रश्न, कारण कोकणात सगळं तिथेच अडतं.

टेलिफोनवाल्यांनी प्लस अर्थ केला तो गंजामुळेच. जमिनीत ओल असते, मीठ असतं. तारेतून थोडी गळती होतेच. ओलसर मातीत ज्या धातूवर प्लस असतो तो धातू झिजत जातो, ज्यावर मायनस असतो तो वाचतो. तार मायनसवर ठेवली तर झीज अर्थिंगच्या जाड सळीची होते, केसाएवढ्या तांब्याची नाही. म्हणून उणे ४८. गुहागरला खाडीलगतच्या एका डब्यात कोणीतरी जोडी उलटी लावली होती. दोन पावसाळ्यांनी उघडला तर एका बाजूचे स्क्रू लखलखीत आणि दुसऱ्या बाजूला हिरवी पूड. बोट लावलं तर तार गळून पडली. एसीच्या डब्यातही गंज येतो, पण असा एकाच बाजूला ठरवून खाल्ल्यासारखा येत नाही. डीसी वापरायचा तर हा हिशेब आयुष्यभर ठेवावा लागतो.

म्हणून तुझ्या खोलीत: लग (केबलच्या टोकाला बसवायचे जोड) तांब्याचे, कल्हई केलेले. क्रिंपिंग, म्हणजे लग केबलवर दाबून बसवणं, हातोडीने नाही, हायड्रॉलिक पक्कडीने. टर्मिनल आवळून झालं की वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. नट आवळायच्या आधी लावून ठेवतात काही जण, मला ते पटत नाही, आधी धातूला धातू नीट भिडू दे. पावसाळ्यात खिडकी उघडून ‘हवा खेळू द्यायची’ सवय असेल तर बंद कर. बाहेरची हवा म्हणजे मीठ. भिंतीवर आर्द्रतेचा छोटा मीटर लाव, ६० च्या वर जाऊ देऊ नकोस.

अर्थिंग. जांभ्याचा कातळ आहे ना तुझ्याकडे? एप्रिल-मेमध्ये तो हाडासारखा कोरडा होतो आणि अर्थचा रोध कुठल्या कुठे चढतो. पावसाळ्यात मोजून खूश होऊ नकोस. मेच्या मध्याला मोज, वळवाच्या विजा तेव्हाच पडतात. एका खड्ड्याने भागत नसेल तर दोन-तीन खड्डे घेऊन पट्टीने जोड आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाल. सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला लोट जमिनीत वळवणारे) एसी बाजूला आणि डीसी बाजूला वेगवेगळे लागतात, एसीचाच उचलून डीसीवर लावू नकोस.

केबल. ३.२ किलोवॅटला ५४ व्होल्टवर साधारण ६० अँपिअर. २३० व्होल्टला तेच १४. करंट सव्वाचार पट, म्हणजे त्याच तारेत नुकसान १८ पट. रॅकपासून पट्टीपर्यंत १० मीटर अंतर धरलं, जाऊन-येऊन २० मीटर, तर ३५ स्क्वेअर एमएम तांब्यात सुमारे ०.६ व्होल्ट पडतो. ठीक आहे. पण एक विसरू नकोस. बॅटरी उतरते तसा करंट चढतो, कारण उपकरणं तेवढेच वॅट मागतात. ४४ व्होल्टला तुझे ६० चे ७४ होतील. ब्रेकर आणि केबल त्या आकड्यावर ठरव. आणि पट्टी रॅकच्या जितकी जवळ नेता येईल तितकी ने, चार मीटरमध्ये काम होत असेल तर दहा कशाला?

रेक्टिफायर: २ किलोवॅटची चार मॉड्यूल घे. लोडला दोन लागतात, लाईट आल्यावर रिकाम्या बॅटरीला चार्ज करायला तिसरं लागतं आणि चौथं राखीव. एक जळलं तर चालू पट्टीवर हाताने ओढून दुसरं खोचायचं, कोणाला कळतही नाही. तुला घाटावरून माणूस उतरायची वाट बघावी लागणार नाही, हे माझ्या मते या सगळ्यातलं मोठं सुख.

बॅटरी: २ व्होल्टचे २४ सेल, ३०० अँपिअर-अवर. तुझ्या लोडला तीन ते साडेतीन तास. चार्जिंगची मर्यादा ३० अँपिअरवर बांध. ४३.२ व्होल्टला आपोआप तुटायची सोय ठेव, नाहीतर एकदा तळापर्यंत गेलेला सेल पुन्हा उभा राहत नाही. वजन अर्धा टन होईल. पहिल्या मजल्यावर आहेस ते चांगलंच, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात तळमजल्यावरच्या किती बॅटऱ्या पाण्यात गेल्या ते मी पाहिलंय. पण स्लॅब कोणाला तरी दाखव आणि बॅटऱ्यांचा रॅक बीमवर येईल असा ठेव. तापमान २७ अंश धर. दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं.

कॅशे आणि रेकॉर्डरसाठी ४८ व्होल्टवर चालणारा छोटा टेलिकॉम इन्व्हर्टर घे, १ केव्हीएचा. तो मेला तर दोन उपकरणं जातील, अकराशे घरं नाही.

बॅटरी तास देते, दिवस देत नाही, हेही सांगून ठेवतो. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाच्या कित्येक गावांत आठवडे लाईट नव्हती. जनरेटर आणि डिझेल यांची तजवीज वेगळी कर.

कुडाळ_सोलर

काका, माझी सूचना मागे घेतो. गेल्या वर्षी तारकर्लीत एका छतावर दोन वेगवेगळ्या बनावटीचे कनेक्टर एकमेकांत बसवले गेले होते, ४०० व्होल्टच्या आसपासची मालिका. खाऱ्या ओलीने संपर्क सैल झाला आणि पत्र्याखालची पट्टी जळून कोळसा झाली. सूर्य होता तोवर ठिणगी विझली नाही, पॅनेलवर ताडपत्री टाकून थांबवावी लागली. मीच हे पाहिलं होतं, तरी सुचवताना डोक्यात आलं नाही.

जामसंडेकर, ४८ ची पट्टी झालीच तर पुढे त्यावर थेट सोलर चार्ज कंट्रोलर बसतो. पॅनेलचा डीसी एसी न होता सरळ ओएलटीत. आधी बाकीचं स्थिर होऊ द्या, मग बोलू.

जामसंडे_फायबर

दोन महिन्यांनी परत आलोय. झालं.

वायरमन सुरुवातीला नाराज होते. मग त्यांनीच क्रिंपिंगची पक्कड रत्नागिरीहून भाड्याने आणली आणि प्रत्येक लग ओढून बघितला. सेल चढवायला आंब्याच्या पेट्या उचलणारी चार माणसं बोलावली, सहा फेऱ्या. प्लस अर्थला जोडताना माझा हात थांबला होता, इतकी वर्षं उलटंच पाहिलेलं. ऐरोलीच्या दादांनी फोनवर थांबून दोनदा मीटर लावायला लावला, त्यांचे मनापासून आभार.

बदल रात्री तीन ते साडेचारमध्ये केला. ओएलटीला दोन्ही सॉकेट होती म्हणून एसी चालू ठेवून आधी डीसी दिला आणि मग एसी काढला, एकही जोडणी तुटली नाही. सर्व्हर मात्र एकेक करून बंद करावे लागले.

आता मेनवर ३.४ किलोवॅट दिसतात, आधी ३.७५ होते. ३५० वॅट वाचले, दिवसाला साधारण साडेआठ युनिट. सगळा खर्च यातून निघायला बरीच वर्षं लागतील, हे ज्यांना करायचंय त्यांनी आधीच समजून घ्यावं. मी ते ५५० वॅट पूर्ण वाचतील असं मनात धरलं होतं. रेक्टिफायर आणि तो छोटा इन्व्हर्टर आपला वाटा घेतातच.

परवा रात्री पुन्हा लाईट गेली, पावणेतीन तास. मी खोलीत जाऊन उभा राहिलो. पंख्यांचा तोच आवाज, दिवे तसेच. पट्टीवरचा आकडा ५४ वरून ५०.४ वर आला आणि हळूहळू उतरत राहिला. शेवटी ४६.९. लाईट आली, रेक्टिफायर एकामागून एक जागे झाले. त्या ताईंना सकाळी रस्त्यात भेटून सांगितलं, त्या म्हणाल्या लाईट गेलेली आम्हाला कळलीच नाही, मुलीचा अभ्यास चालू होता मोबाईलवर.

जुना_पॉवरप्लांट

फार बरं वाटलं. ४६.९ चांगला आकडा आहे, घाबरायचं कारण नाही.

आता एक वही कर. महिन्यातून एकदा चोवीसही सेलचे व्होल्ट लिहायचे, तारीख आणि खोलीचं तापमान घालून. सगळे २.२५ च्या आसपास असतील आणि एखादा २.१५ दाखवायला लागेल, तर तोच पुढे तुला रात्री उठवणार, आधीच बदलून टाक. नवीन लगांचे नट पहिल्या तीन-चार महिन्यांत थोडे सैल होतात, गरम-गार होऊन. गणपतीत गर्दी असते तेव्हा हात लावू नकोस, विसर्जन झालं की एकदा सगळे आवळून घे. आवळताना घड्याळ काढ.

पहिल्या महिन्याचे आकडे इथे टाक, मी बघतो.